मोहगावचा टीव्ही कोणत्या राज्यातला?

मराठी बातम्यांच्या वाहिनीवर हवामानाचा नकाशा येतो तेव्हा तो सावनेर-नरखेडपाशी संपतो. त्याच्या वर पांढुर्णा आहे, सौंसर आहे, मोहगाव आहे, याची त्या नकाशाला खबर नसते. भोपाळची हिंदी वाहिनी लावली तर नकाशा ग्वाल्हेरपासून सुरू होतो आणि आमच्या कोपऱ्याशी येईपर्यंत निवेदिकेची वेळ संपत आलेली असते. गारपीट मात्र दोन्ही नकाशांना न विचारता संत्र्याच्या बागेवर येऊन पडते.

घरच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटनं टीव्ही पाहणं ही पुण्या-मुंबईत एक सोय आहे. केबलचा कंटाळा आला, पोरानं लॅपटॉपवर मालिका लावली, इतकीच त्याची गोष्ट. मोहगावसारख्या मध्य प्रदेशातल्या मराठी गावात मात्र तिला आणखी एक पदर आहे. इथे टीव्हीचा प्रत्येक जुना मार्ग, म्हणजे प्रक्षेपणाचा मनोरा, केबलची तार, छत्रीचं पॅकेज, राज्याच्या हद्दी बघून आखलेला होता. इंटरनेट हा पहिला मार्ग, जो गिऱ्हाइकाला राज्य विचारत नाही. तो भाव विचारतो, वेग विचारतो, पासवर्ड विचारतो, आणि अलीकडे तर यंत्र कोणतं आहे तेही विचारतो.

आधी हद्दीचं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याच्या दक्षिणेची मराठी पट्टी, सौंसर आणि पांढुर्णा, त्याच्याबरोबर राहिली. बाजार, सोयरीक, दवाखाना सगळं नागपूरचं. कागद मात्र छिंदवाड्याचा. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, मोहगावची सौंसर तहसील त्यात आली. कागदाचं अंतर कमी झालं, भाषा हिंदीच राहिली. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, दुकानात अर्धी-अर्धी, तहसीलीत हिंदी, हा इथला नेम आहे आणि त्यात कोणाला काही जगावेगळं वाटत नाही.

दूरदर्शनच्या काळात या दुभंगाचा फारसा त्रास नव्हता, कारण पर्यायच नव्हता. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला टीव्ही सुरू झाला, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत कार्यक्रम दाखवले गेले. त्या ‘साइट’ प्रयोगात मध्य प्रदेश होता, पण गावं निवडली गेली ती रायपूरकडची. पुढे गावोगाव टीव्ही आले तेव्हा सगळे एकच पाहत होते. ‘रामायण’ हिंदीत होतं आणि १९८७ च्या रविवारी सकाळी मोहगाव काय अन् काटोल काय, रस्ते सारखेच ओस पडत.

फरक पडला तो वाहिन्या वाढल्यावर. १९९२ मध्ये झी टीव्ही आला, १९९९ च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी, पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी. त्याच वर्षी दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव मिळालं. आता मराठीत पाहण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते घरात येणार की नाही हे केबलवाला ठरवणार. त्याच्या तारेत जागा मोजकी, ती गिऱ्हाइकांच्या मागणीनं आणि त्याच्या स्वतःच्या हिशेबानं भरायची. छत्र्या आल्या, २००३ मध्ये डिश टीव्ही आणि २००६ मध्ये टाटा स्काय, तेव्हा जागेची अडचण संपली आणि पॅकेजची सुरू झाली. कंपन्यांनी देश भाषावार कापला तो राज्यांच्या रेषेवरच: हिंदी पट्ट्याचं पॅकेज निराळं, महाराष्ट्राचं निराळं. मध्य प्रदेशच्या पत्त्यावर मराठी म्हणजे वरून घ्यायची चीज. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमानं ज्याला जी वाहिनी हवी तिचेच पैसे भरायची मुभा आली, १३० रुपयांत पहिल्या शंभर वाहिन्यांची जोडणी आणि सशुल्क वाहिन्यांना आपापला भाव. झी मराठी तेव्हा १९ रुपयांना होती. तत्त्व चांगलं होतं. व्यवहारात यादी भरायचा कंटाळा, आणि मग केबलवाल्यानं बांधून दिलेलं गाठोडंच बहुतेकांनी उचललं.

या सगळ्याच्या खाली, पैसे न मागता, दूरदर्शनची फुकट छत्री उभी आहे. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ म्हणून सुरू झालेली ही सेवा आज ‘फ्री डिश’ म्हणून देशातल्या कोट्यवधी घरांत आहे. डबा आणि छत्री एकदा घ्यायची, महिन्याचं रिचार्ज नाही. तीवर सह्याद्री दिसते, ‘फक्त मराठी’ आणि ‘शेमारू मराठीबाणा’सारख्या वाहिन्याही येत राहिल्या. मोठ्या वाहिन्यांच्या चालू मालिका तीवर नाहीत. इंटरनेट टीव्हीचा कोणताही आढावा घेताना ही छत्री विसरून चालत नाही, कारण खेड्यात इंटरनेटची खरी स्पर्धा तिच्याशीच आहे, आणि स्वस्ताईत ती अजून जिंकते.

कॉम्प्युटर टीव्हीच्या भानगडीत पहिल्यांदा आला तो इंटरनेटशिवाय. जाड काचेच्या मॉनिटरला जोडायचा ‘टीव्ही ट्यूनर’ मिळायचा: केबलची तार त्यात खोचायची आणि कॉम्प्युटरचा पडदा टीव्ही व्हायचा. परीक्षेच्या अभ्यासाला घेतलेल्या यंत्रावर क्रिकेट दिसू लागलं, ते यामुळे. पण तो टीव्ही केबलचाच, पडदा फक्त उसना.

इंटरनेटचा टीव्ही म्हणजे वेगळी गोष्ट, आणि भारतात तिची गाडी पहिली दहा वर्षं आकड्यांत अडकली. सरकारच्या २००४ च्या धोरणानं ‘ब्रॉडबँड’ कशाला म्हणायचं ते ठरवलं: सेकंदाला २५६ किलोबिट. बीएसएनएलनं २००५ च्या जानेवारीत तशी सेवा सुरू केली. हिशेब मांडून पाहा. हा वेग पूर्ण मिळाला तरी तासाला सुमारे ११५ एमबी उतरते. आज मोबाइलवर साधारण बरं दिसणारं चित्र तासाला त्याच्या दहापट खातं. म्हणजे तासभराची मालिका नीट पाहायची तर दहा तास आधी उतरवायला लावायची. त्यात महिन्याची मर्यादा एक-दोन जीबीची. टीव्ही ‘पाहणं’ यात बसतच नव्हतं. टीव्ही ‘साठवणं’ बसत होतं.

म्हणून त्या काळात बीएसएनएलच्या ज्या योजनेचं नाव घरोघरच्या पोरांच्या तोंडी होतं ती रात्रीची: पहाटे दोन ते आठ कितीही वापरा. गजर लावून दोनला उठायचं, डाउनलोड सुरू करून झोपायचं आणि आठच्या आत बंद करायचं, नाहीतर बिल. लँडलाइनच्या तांब्याच्या तारेवर ही सेवा चाले आणि एक्स्चेंजपासून घर जितकं दूर तितका वेग कमी. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरलं की फोन खरखरायचा आणि मॉडेमवरचा दिवा लुकलुकत बसायचा. ही दशा सगळ्या लहान गावांची होती. यूट्यूबनं २०१० मध्ये आयपीएलचे सामने थेट दाखवले तेव्हा जगात ती मोठी बातमी झाली. २५६ किलोबिटच्या तारेवर मात्र फलंदाज बॅट उचलायचा आणि चेंडू येईपर्यंत चित्र फिरणाऱ्या चकतीत अडकायचं.

महानगरांत दुसरा प्रयोग झाला, तो आयपीटीव्हीचा. एमटीएनएलनं २००६ मध्ये तो सुरू केला, बीएसएनएलनंही काही शहरांत केला, २००८ मध्ये त्याचे सरकारी नियम निघाले. टेलिफोनच्याच तारेतून, पण उघड्या इंटरनेटवरून नव्हे तर कंपनीच्या बंद जाळ्यातून वाहिन्या यायच्या. कल्पना उत्तम, गिऱ्हाईक थोडं. ती बुडाली असं बरीच वर्षं वाटत होतं. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

याच वर्षांत परदेशातल्या मराठी घरांची अडचण बरोबर उलटी होती. न्यू जर्सीत किंवा बे एरियात तार दणकट, पण मराठी वाहिन्यांचे हक्क तिथे नाहीत किंवा महाग. त्यांनी कॉम्प्युटरवरच्या टीव्हीचे सगळे आडमार्ग आपल्याआधी चोखाळले. ‘स्लिंगबॉक्स’ नावाची पेटी २००५ मध्ये निघाली: ती भारतातल्या आईबापांच्या टीव्हीला जोडायची आणि त्यांचा सेट-टॉप बॉक्स अमेरिकेतून चालवायचा. आई इकडे मालिका पाहत बसली असताना मुलानं तिकडून वाहिनी बदलली की भांडण अटळ. ‘यप टीव्ही’सारख्या कंपन्यांनी २००६ पासून भारतीय वाहिन्या रीतसर इंटरनेटवरून विकायला घेतल्या त्या याच गिऱ्हाइकासाठी. त्यांच्याकडे तार होती, हक्क नव्हता. मोहगावात हक्क होता, तार नव्हती. आपल्या राज्याबाहेर राहून आपल्या भाषेचा टीव्ही शोधणं मात्र दोघांचं सारखंच. परदेशस्थांच्या ओढीवर लेख निघाले, कथा निघाल्या. सीमेवरच्या माणसाची ओढ कोणाच्या ध्यानात आली नाही, कारण तो कुठे गेलाच नव्हता.

२०१५ च्या फेब्रुवारीत हॉटस्टार आलं, २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स, त्याच वर्षी वूट, डिसेंबरात प्राइम व्हिडिओ; २०१८ च्या फेब्रुवारीत झी५. पण खेड्यासाठी तारीख एकच: ५ सप्टेंबर २०१६, जिओ. त्याआधी एक जीबी मोबाइल डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचे, त्यानंतर काही महिने तो फुकट होता आणि मग चहाच्या भावाला आला. इथे एक गंमत झाली. घरच्या कॉम्प्युटरवर टीव्ही पाहायचे दिवस यायच्या आधीच फोननं ते गिळून टाकले. शहरांत माणसं टीव्हीवरून कॉम्प्युटरवर, मग फोनवर अशी पायरी-पायरीनं उतरली. मोहगावकडे मधली पायरी बहुतेकांनी पाहिलीच नाही. कॉम्प्युटर म्हणजे एमपी ऑनलाइनच्या दुकानातला, फॉर्म भरायचा.

तरी लॅपटॉप घरात आले, आणि आले ते मुख्यतः बारावीच्या निकालातून. मध्य प्रदेश सरकार माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्यांना लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये देतं. अट आधी ८५ टक्क्यांची, नंतर ७५ ची झाली. महाराष्ट्रातल्या नात्यातल्या पोरांना याचा हेवा वाटतो, आणि इथे कधी नव्हे ते सीमेच्या या बाजूला असण्याचा फायदा दिसतो. पैसे अभ्यासासाठी असतात आणि अभ्यास होतोही. पण सरकारच्या या योजनेनं कित्येक घरांत टीव्हीची दुसरी खिडकी उघडली, हे कोणत्याही फायलीत नसलं तरी खरं आहे. लॅपटॉपमधून एचडीएमआय केबल काढायची, ती जुन्या एलईडी टीव्हीत खोचायची, आणि तीनशे रुपयांच्या आतल्या तारेनं साधा टीव्ही ‘स्मार्ट’ होतो. माझ्या मते सीमाभागातल्या घराला याहून स्वस्त आणि याहून मोकळा टीव्ही दुसरा नाही. छत्रीत कंपनीनं ठरवलेलं दिसतं, स्मार्ट टीव्हीत बनवणाऱ्यानं परवानगी दिलेलं ऍप चालतं. कॉम्प्युटरचा ब्राउझर त्या मानानं कोणाची फारशी परवानगी मागत नाही.

लॅपटॉपची कमजोरी अशी की तो घरातल्या सगळ्यांत फिरत्या माणसाचा असतो. पोरगी बारावीनंतर नागपूरला, इंदूरला किंवा पुण्याला शिकायला गेली की लॅपटॉप तिच्याबरोबर जातो आणि आजीची मालिका पुन्हा छत्रीवर येते. दिवाळीला पोरगी परत येते तेव्हा टीव्हीही परत येतो.

इंटरनेटवरचा टीव्ही खर्चिक का, हे कळायला त्याची वाटायची रीत पाहावी. उपग्रह एकदाच वाढतो आणि पंगतीत बसलेले कोट्यवधी एकाच वाढपातून जेवतात. माणूस वाढला म्हणून खर्च वाढत नाही. इंटरनेटवर प्रत्येकाचं ताट वेगळं वाढावं लागतं. दहा हजार लोक सामना पाहत असतील तर सर्व्हरकडून दहा हजार धारा निघतात. त्या धारेचे काही सेकंदांचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा तीन-चार दर्जांत तयार ठेवतात आणि तुमची तार जेवढी पेलेल तेवढा दर्जा यंत्र आपोआप उचलतं. संध्याकाळी आठला अख्खा मोहल्ला जोडला गेला की चित्र धूसर होतं, बंद पडत नाही, ते यामुळे. आणि दोन-चार तुकडे हाताशी साठल्याशिवाय चित्र सुरू करत नाहीत, म्हणून इंटरनेटचा ‘थेट’ टीव्ही छत्रीच्या मागे असतो, बहुधा अर्धा मिनिट. सामना चालू असताना शेजारच्या छत्रीवाल्या घरातून आरडाओरड ऐकू येते, आपला गोलंदाज मात्र अजून धावत असतो. यावर उपाय दोनच: खिडकी लावून घेणं किंवा शेजारी जाऊन बसणं. हॉटस्टारच्या सुरुवातीच्या वर्षांत तर फुकट पाहणाऱ्याला सामना मुद्दाम पाच मिनिटं उशिरा दाखवत. त्यानं खिडकीच काय, कानही बंद ठेवले असतील.

आता तारेचा आणि डेटाचा हिशेब. बऱ्यापैकी चित्राला सेकंदाला तीन मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला साधारण १.३ जीबी. संध्याकाळी तीन तास टीव्ही चालला तर चार जीबी, महिन्याला सव्वाशेच्या घरात. फोनच्या पॅकमध्ये रोज दीड-दोन जीबी मिळतात. फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉपवर टीव्ही पाहणाऱ्याचा डेटा म्हणूनच नेमका मालिकेच्या मध्यात संपतो. रोजच्या टीव्हीला फायबरची तार हवी. ती २०२० पासून बऱ्यापैकी आवाक्यात आली: जिओ फायबरची ३९९ ची आणि बीएसएनएलची ४४९ ची योजना, दोन्ही ३० एमबीपीएस, वर कर. २००५ च्या ब्रॉडबँडच्या शंभरपटीहून जास्त वेग, कर सोडून पाचशे रुपयांच्या आत. भारतनेटनं ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचं काम २०११ मध्ये हाती घेतलं, पण ती योजना ग्रामपंचायतींवर बेतलेली आणि मोहगावात नगर परिषद. शहर म्हणावं इतकं मोठं नाही, खेडं म्हणून योजनेत बसत नाही. अशा गावांत तार येते ती खासगी कंपनीला गिऱ्हाईक दिसलं तर, किंवा बीएसएनएलचा स्थानिक ठेकेदार उद्योगी निघाला तर.

आणि लाइट. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून लाइट गेली तरी पडदा उजळ राहतो, पण राउटर मेलेला असतो. हजार-बाराशेचा छोटा यूपीएस राउटरला लावला की हा प्रश्न सुटतो. दुकानदार राउटर विकताना हे सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

पैशांच्या बाबतीत सगळ्यात विचित्र गोष्ट आता. तार आली, लॅपटॉप आला, आणि नेमकं तेव्हाच बाजारानं कॉम्प्युटरला दारात अडवलं. २०२५ च्या फेब्रुवारीत हॉटस्टार आणि जिओसिनेमा एक होऊन ‘जिओहॉटस्टार’ झालं. त्याची सगळ्यात स्वस्त योजना तीन महिन्यांना १४९ रुपयांची ठेवली, ती फक्त मोबाइलवर चालणारी. कॉम्प्युटरवर किंवा टीव्हीवर पाहायचं तर तेव्हा २९९. नेटफ्लिक्सची १४९ ची मासिक योजनाही फोन आणि टॅबलेटपुरतीच. तेच चित्र, तीच तार, तीच माणसं. फक्त पडदा मोठा म्हणून भाव वेगळा. कारण उघड आहे: मोठ्या पडद्यापुढे पाच माणसं बसतात, फोनपुढे एक. कंपनीला प्रत्येक डोळ्याचे पैसे हवेत. पण ज्या घरात संध्याकाळी पाच माणसं एकत्र बसतात त्याच घराची ऐपत कमी असते, हे त्या दरपत्रकात कुठे दिसत नाही. स्वस्त योजना माणसाला एकेकटं करते, अशी माझी तक्रार आहे, आणि ती फक्त पैशांची नाही.

मग ब्राउझरवर फुकट आणि रीतसर काय उरतं? बरंच. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास या बातम्यांच्या वाहिन्या यूट्यूबवर थेट चालतात. सह्याद्रीचे जुने-नवे कार्यक्रम यूट्यूबवर आहेत. २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसारभारतीनं ‘वेव्ह्ज’ हे स्वतःचं व्यासपीठ सुरू केलं, त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या आणि जुना साठा आहे. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’चे तुकडे यूट्यूबवर इतके मिळतात की मूळ कार्यक्रम कोणत्या वाहिनीवर लागतो हेही पोरांना ठाऊक नसतं. चालू मालिका मात्र वर्गणीच्या मागे. टेलिग्रामवर फिरणाऱ्या चोरट्या दुव्यांची वाट सगळ्यांना माहीत आहे. ती बेकायदा आहेच, शिवाय त्या पानांवर जुगाराच्या जाहिराती आणि व्हायरस यांचा चिखल असतो आणि आजीच्या मालिकेसाठी घरचा लॅपटॉप गमावणं परवडत नाही.

इतकं सगळं जुळवून आणल्यावर दिसतं काय, हा प्रश्न तंत्रापेक्षा मोठा आहे. मराठी वाहिनी मोहगावात आली म्हणजे मोहगावची वाहिनी आली असं नव्हे. बातम्यांत मुंबईची महापालिका, पुण्याची वाहतूक, मंत्रालयातले निर्णय. २०२४ मध्ये मराठी वाहिन्यांवर दिवसभर ‘लाडकी बहीण’च्या १५०० रुपयांची चर्चा होती आणि मोहगावातल्या बायकांच्या खात्यात ‘लाडली बहना’चे १२५० येत होते. भाषा आपली, योजना दुसऱ्याची. कर्जमाफीची बातमी ऐकून ‘आपल्याले भेटन का?’ असं विचारणारा म्हातारा भाबडा म्हणायचा की वाहिनी अपुरी? नागपूरच्या कळमना बाजारातला संत्र्याचा भाव, विदर्भातल्या कापसाची खरेदी, नागपूरच्या दवाखान्यांच्या बातम्या एवढंच खऱ्या अर्थानं कामाचं. बाकी शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीपलीकडून ऐकल्यासारखं.

मालिकांचंही तसंच. त्यांतली मराठी मुंबई-पुण्याची, नाहीतर कोल्हापूरच्या वळणाची. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये अमरावतीचे भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलू लागले तेव्हा सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत हसू पोहोचलं, त्यात विनोदाइतकाच ओळखीचा भाग होता: टीव्हीतलं माणूस आपल्यासारखं बोलून राह्यलं! त्यानंतर यूट्यूबवर वऱ्हाडी बोलीतल्या विनोदी व्हिडिओंचं जे पीक आलं त्याला ना मनोरा लागला ना पॅकेज. बोलीनं भाषेआधी इंटरनेट गाठलं, आणि बोलीला १९५६ ची रेषा माहीतच नाही. मोर्शी, वरूड, पांढुर्णा, सौंसर हा तिचा एकच सलग मुलूख.

दुसरं पीक स्थानिक बातम्यांचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात दगडफेकीची गोटमार होते, पांढुर्णा एका काठावर आणि सावरगाव दुसऱ्या. मराठी वाहिन्या तिला वर्षातून एकदा ‘अजब प्रथा’ म्हणून दोन मिनिटं दाखवतात, हिंदी वाहिन्या जखमींचा आकडा सांगतात. गावातले पोर्टलवाले मात्र ती तासन्‌तास थेट दाखवतात, मोबाइल हातात धरून, धावते वर्णन हिंदी आणि मराठीच्या मिसळीत. नागपुरात नोकरीला असलेला पांढुर्ण्याचा माणूस ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आवाज बंद करून ते पाहतो. चित्र हलतं, आवाज फुटतो, पण आपल्या नदीचं पात्र त्याला दुसरी कोणतीच वाहिनी इतका वेळ दाखवत नाही. मोहगावच्या अर्धनारीश्वर मंदिरातल्या महाशिवरात्रीची गर्दीही अशीच फोनवरून जगभर जाते. या पत्रकारितेत दोष पुष्कळ आहेत: कसलीही शहानिशा न करता बातमी, नेत्यांच्या वाढदिवसांच्या जाहिराती, उखाळ्यापाखाळ्या. तरी गारपिटीचा व्हिडिओ सगळ्यात आधी त्यांच्याकडेच येतो.

कायद्याच्या बाजूनं चित्र अर्धवट आहे. केबलवाल्यांच्या अखिल भारतीय डिजिटल केबल फेडरेशननं तक्रार केली की जी वाहिनी आमच्या गिऱ्हाइकाला पैसे देऊन घ्यावी लागते तीच स्टार कंपनी आपल्या ऍपवर फुकट कशी दाखवते. २०२३ मध्ये दूरसंचार लवादानं म्हटलं की इंटरनेटवरचं असं व्यासपीठ म्हणजे टीव्ही वाहिनी नव्हे, त्याला वाहिनीसारखा परवाना लागत नाही. केबलवाल्याला दराचं बंधन, ऍपला नाही. गिऱ्हाइकाला आज हे बरं वाटतं. ऍपनं उद्या भाव दुप्पट केला तर पॅकेजमधल्या वाहिनीच्या १९ रुपयांसारखी मर्यादा दाखवायला ‘ट्राय’कडे बोट करता येणार नाही.

आणि ती बुडालेली आयपीटीव्हीची कल्पना. ऑक्टोबर २०२४ मध्ये बीएसएनएलनं ‘आयएफटीव्ही’ नावानं फायबरवरचा टीव्ही सुरू केला, आणि पहिली दोन राज्यं निवडली ती तमिळनाडू आणि मध्य प्रदेश. वाहिन्या पाचशेवर, त्या बीएसएनएलच्या स्वतःच्या बंद जाळ्यातून येतात, म्हणून त्यांचा डेटा तुमच्या मर्यादेतून कापला जात नाही. यंत्र म्हणून मात्र अँड्रॉइड टीव्ही धरला आहे, कॉम्प्युटर नव्हे. कधी नव्हे ते मध्य प्रदेश महाराष्ट्राच्या आधी रांगेत होता. मोहगावच्या माणसानं ही सेवा घेण्याआधी बीएसएनएलच्या ठेकेदाराला दोन प्रश्न विचारावेत: माझ्या गल्लीत फायबर कधी येणार, आणि त्या पाचशे वाहिन्यांत मराठी मालिकांच्या किती? दुसऱ्याचं उत्तर मध्य प्रदेशच्या पॅकेजप्रमाणे मिळालं तर लॅपटॉपची एचडीएमआय केबल अजून फेकू नये.